वडिलांना फॅटी लिव्हर आहे, यकृत कडक झालंय म्हणतात. पुढे काय होईल ते एमआरआयवरून कळतं का? (कोल्हापूर)

धोक्याचा अंदाज चांगला येतो. पण त्यासाठी साधा एमआरआय नव्हे, एमआर इलास्टोग्राफी लागते. उजव्या बरगड्यांवर एक चकती बांधतात, ती थरथरते, आणि त्या लहरी यकृतातून कशा जातात त्यावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. साधारण २.५ च्या आत ठीक. ५ च्या वर सिरॉसिसची (यकृतभर व्रण पडून ते कडक, आकसलेलं होण्याची) शक्यता मोठी. कडकपणा वाढेल तसा पोटात पाणी होण्याचा, रक्ताच्या उलटीचा, कॅन्सरचा धोका वाढतो.

फायब्रोस्कॅनचा (अल्ट्रासाउंडने यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा) आकडाही किलोपास्कलमध्येच असतो, पण मोजमाप वेगळं. तिथले ७ आणि इथले ४ बघून ‘सुधारलं’ म्हणू नका, कृपा करून. इथले ४ जास्त काळजीचे असू शकतात.

राजारामपुरी असो की शाहूपुरी, सेंटरला आधी फोन करून इलास्टोग्राफी होते का ते विचारा; सगळ्याच मशीनला ती सोय नसते. चार-सहा तास उपाशी न्या, खाल्ल्यावर आकडा फुगतो. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट सोबत घेऊनच पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. सिरॉसिस निघालाच तर दर ६ महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका.