ग्राम सुरक्षा दलातल्या स्वयंसेवकाला संशयिताला पकडता येतं का?

संशयावरून नाही. दलाचं ओळखपत्र मिळालं म्हणून पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. कायद्याच्या नजरेत तुम्ही सामान्य नागरिकच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, तुमच्यासमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा घडला (उदा. रात्रीची घरफोडी) किंवा समोरचा फरारी घोषित गुन्हेगार असेल, तरच पकडता येतं. त्यानंतर विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून ग्रामपंचायतीत डांबून ठेवलंत, तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो. मारहाण तर नाहीच.

गस्तीला किमान दोघं, शक्यतो चौघं. बॅटरी, शिट्टी, चमकणारं जाकीट, वही. रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने फिरलात की चोराला वेळापत्रकच मिळतं. अनोळखी गाडी दिसली तर नंबर, वेळ, दिशा लिहा आणि आधी ११२ लावा, पाठलाग नको. सदस्यांची यादी पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलांकडे असू द्या, नाहीतर अंधारात पोलीस तुम्हालाच अडवतील.

सगळ्यात मोठा धोका चोराचा नाही, अफवेचा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. व्हॉट्सॲपवर असा मेसेज आला की पुढे ढकलू नका, थेट ठाण्यात विचारा.