वाचकांचे प्रश्न : कयाकसाठी गाडा निवडताना

प्रश्न : माझ्याकडे एकट्याने चालवायची, वर बसायच्या प्रकारातली प्लास्टिकची कयाक आहे. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, वजन २८ किलो. घरापासून शापोरा नदीचा काठ तीनशे मीटरही नाही, पण पन्नाशी उलटल्यापासून पाठ कुरकुरू लागली आहे आणि कयाक खांद्यावर घेऊन जाणे आता जमत नाही. वाटेत थोडा डांबरी रस्ता, मग चिऱ्याच्या सात-आठ पायऱ्या आणि शेवटी खाजनाचा (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल शेतजमिनीचा) बांध लागतो. अधूनमधून रविवारी कयाक गाडीवर बांधून मोरजीच्या किनाऱ्यावरही नेतो. दुकानात मला दोन गाडे दाखवले. पहिल्याचे दोन दांडे कयाकच्या तळातल्या भोकांत घालायचे असतात आणि त्याची चाके अरुंद व टणक आहेत. दुसऱ्यावर कयाक ठेवून पट्ट्याने बांधायची असते, त्याला फुग्यासारखी जाड चाके आहेत आणि किंमत पहिल्याच्या तिप्पट आहे. कोणता घ्यावा?
– एक वाचक, शिवोली

उत्तर : गाडा पट्ट्याने बांधायचाच घ्यावा. त्याला फुग्याची चाके हवीतच का, हे मात्र आपण मोरजीला वर्षातून किती वेळा जाता यावर ठरवावे.

आधी भोकांविषयी. वर बसायच्या कयाकमध्ये बैठकीवर आलेले पाणी खाली निथळून जावे म्हणून वरच्या पृष्ठापासून तळापर्यंत आरपार नळ्या ठेवलेल्या असतात, त्यांना स्कपर म्हणतात. पाणी जाऊ देणे एवढेच त्यांचे मुख्य काम असते आणि त्यांच्या तोंडाशी प्लास्टिक पुष्कळदा पातळ असते. गाड्याचे दांडे आत घातले की कयाकचे वजन त्या दोन तोंडांवर येते, आणि चाक दगडाला अडले की प्रत्येक हिसक्याला दांडा पहारीसारखा आतल्या भिंतीवर तरफ करतो. माझी पहिली कयाक मी दोन हंगाम अशाच गाड्यावरून चिऱ्याच्या पायऱ्यांवर वरखाली केली. एका सकाळी ती परत ओढताना नेहमीपेक्षा जड लागली, म्हणून उलटी केली तर पोटात पाणी खळखळले. भोकाच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, नख फिरवल्यावर लागली. अशा अरुंद जागी प्लास्टिकचे वेल्डिंग नीट होत नाही, आणि झाले तरी पुढे त्यावर भरवसा ठेवून खोल पाण्यात जाववत नाही. या प्रकारातल्या काही गाड्यांत दांडे केवळ कयाक घसरू नये म्हणून असतात आणि वजन तळाला टेकणाऱ्या आडव्या, मऊ वेष्टनाच्या पट्टीवर येते. तसा गाडा असेल तर हरकत कमी. परंतु भोकांमधले अंतर आणि त्यांचा व्यास प्रत्येक कयाकचा वेगळा असतो, त्यामुळे आपली कयाक दुकानात नेऊन बसवून पाहिल्याशिवाय तोही घेऊ नये.

आता चाकांचा प्रश्न. कयाक, वल्हे, लाइफ जॅकेट, पाण्याची बाटली आणि गाडा मिळून ३६ किलो धरले, तर एकेका चाकावर १८ किलोचा भार येतो. कोरडी वाळू हा भार तेव्हाच पेलते, जेव्हा तो पुरेशा जागेवर पसरतो. अरुंद टणक चाकाचा वाळूला टेकणारा भाग दोन-तीन बोटांएवढाच असतो, म्हणून टेकायला पुरेशी जागा मिळेपर्यंत ते खाली खाली जात राहते, आणि मग आपण गाडा ओढत नाही, नांगर ओढतो. फुग्याच्या चाकात हवा अगदी कमी, म्हणजे २ ते ४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) एवढीच भरतात; मोटारीच्या टायरमध्ये ती ३० च्या आसपास असते. पातळ, मऊ चाकाचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच राहतो, त्यामुळे ३ पीएसआय हवेच्या चाकाला १८ किलो पेलण्यासाठी सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर जागा टेकवावी लागते, म्हणजे बोटे सोडून तळहाताएवढी. मोरजीच्या भुसभुशीत वाळूवर ही चाके तरंगल्यासारखी जातात ती यामुळेच. ज्यांनी ती चाके दगडासारखी टणक फुगवली, त्यांनी तिप्पट पैसे देऊन तिपटीचा लाभ मात्र घालवला.

हीच चाके आपल्या रोजच्या वाटेवर तितकी गुणाची नाहीत. डांबरावर ती झिजतात, पायऱ्यांवर चेंडूसारखी उसळतात, आणि खाजनाच्या बांधावर तर त्यांचे शत्रूच पसरलेले असतात: मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, चिऱ्यांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपा आणि कडेने वाढलेल्या मारांडीची काटेरी पाने. शिवाय जाड चाकांमुळे गाडा रुंद होतो आणि बांध अरुंद असला तर एक चाक सतत उतारावर जाते. तेव्हा शिवोलीतल्या वाटेसाठी साधे हवेचे, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचे चाक मला अधिक योग्य वाटते. बांधावर शिंपा फारच असतील तर त्याच मापाचे, आत फोम भरलेले, पंक्चर न होणारे चाक घ्यावे. ते थोडे जड असते आणि त्याचे धक्के जास्त बसतात, पण ते आपल्याला वाटेत बसवून ठेवत नाही. व्यासात काटकसर करू नये, कारण पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येएवढी झाली की सरळ ओढून ते चढत नाही, नुसते आपटते. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या पायऱ्यांवर तीस सेंटिमीटरचे चाकसुद्धा हात देऊनच चढवावे लागेल. वीस सेंटिमीटरचे घेतले तर प्रत्येक पायरीला अख्खी कयाक उचलण्याची वेळ येईल, आणि पाठीची तक्रार होती तिथेच राहील.

मोरजीला वर्षातून सात-आठ वेळाच जाणे होत असेल, तर भरतीच्या सुमारास जावे. त्या वेळी पाण्यापर्यंतचे अंतर कमी असते आणि रस्ता व ओली वाळू यांच्यामधल्या कोरड्या पट्ट्यातच काय ते ओढावे लागते. ओल्या, घट्ट वाळूवर साधे हवेचे चाकही चालते. जाणे वारंवार होत असेल तर ज्याची चाके पिन काढून बदलता येतात असा गाडा घ्यावा आणि फुग्याच्या चाकांची जोडी पुढे सवडीने घ्यावी. आसाचा व्यास तेवढा आत्ताच मोजून लिहून ठेवावा. मोरजीविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तेंबवाड्याच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि घरटी सापडली की वन खाते ती कुंपण घालून राखते. गाडा हाताने ओढायचा असला तरी हंगामात तो कोरड्या वाळूच्या वरच्या पट्ट्यातून आडवा फिरवू नये, सरळ पाण्याकडे न्यावा. मोटारगाडी किनाऱ्यावर उतरवण्यास बंदी आहेच.

गाडा कयाकखाली नेमका कुठे ठेवायचा, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि पाठीचा खरा हिशेब तिथेच असतो. गाडा अगदी मागच्या टोकाला ठेवला तर नाळ (पुढचे टोक) उचलताना निम्मे वजन, म्हणजे १४ किलो, आपल्या हातात येते. बरोबर मध्यावर ठेवला तर हातात काहीच येत नाही, पण कयाक तराजूसारखी वरखाली होते आणि उतारावर नाळ जमिनीत घुसते. मध्यापासून ३० सेंटिमीटर मागे ठेवला तर साडेतीन मीटरच्या कयाकला नाळेशी सुमारे चार किलो वजन हातात राहते. एवढे वजन हवेच असते, कारण त्याने दिशा ताब्यात राहते. योग्य जागा एकदा सापडली की कयाकच्या कडेला रंगाची बारीक खूण करून ठेवावी. नाळेवरच्या हाताने धरायच्या कडीला अर्धा मीटर दोरी बांधून ती ओढली तर वाकावे लागत नाही. माझ्या अनुभवात पाठीला सर्वांत मोठा आराम या दोरीनेच मिळाला.

पट्टे पॉलिएस्टरचे असावेत, कारण नायलॉन भिजल्यावर ताणते आणि अर्ध्या वाटेत कयाक सैल होते. बकल साधे, दातेरी जिभेचे पुरे. रॅचेटने (खटक्याने आवळायच्या बकलने) लोक हौसेने आवळत जातात आणि उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकच्या तळाला कायमचा खळगा पडतो. आडव्या पट्ट्याखेरीज एक पट्टा गाड्यापासून पुढच्या बाजूला, बैठकीजवळच्या एखाद्या कडीला बांधावा. चाक दगडाला अडले की गाडा मागे राहतो आणि कयाक त्याच्यावरून पुढे सरकते, ते या एका पट्ट्याने थांबते.

धातूची निवड फार लांबवत नाही. सांगाडा अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमचा आणि आस ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असेल तर उत्तम. ३०४ प्रतीचे स्टील खाऱ्या पाण्यात लवकर डागाळते. चाकात साधे लोखंडी बॉल बेअरिंग असल्यास ते खारे पाणी आणि वाळू मिळून एका हंगामात धरून बसते, त्यापेक्षा प्लास्टिकचे बुश (आसावर बसणारी साधी नळी) बरे. अॅल्युमिनियम आणि स्टील जिथे भिडतात तिथे अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो सांधा गोड्या पाण्याने धुवावा. चाकाच्या पिना दोरीने गाड्यालाच बांधून ठेवाव्यात. वाळूत पडलेली पिन शोधत गुडघ्यांवर बसलेला माणूस मी मोरजीला दोनदा पाहिला आहे, आणि त्यांतला एक मीच होतो.

प्रश्न : दिवाडीला आमची सुमारे ८० किलोची फायबरची लहान होडी आहे. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी धक्क्याशेजारी गुडघाभर चिखल होतो आणि चाकांचा गाडा त्यात रुतून बसतो. चिखलात चालणारी चाके मिळतात का?
– एक वाचक, दिवाडी

उत्तर : मांडवीकाठच्या चिखलात ८० किलो पेलतील अशी हाताने ओढायची चाके मी तरी पाहिलेली नाहीत. फुग्याचे चाक थोडे उशिरा रुतते आणि रुतल्यावर चिखल त्याला चोहोबाजूंनी धरून ठेवतो, इतकाच फरक. पैसे चाकांवर घालवण्यापेक्षा भरती-सुकतीचे वेळापत्रक भिंतीला लावावे. आपल्याकडे दिवसात दोनदा भरती येते आणि ती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या आसपास जातो, अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) तो बराच कमी असतो. उधाणाच्या दिवसांत चिखलाचा पट्टा सर्वांत रुंद उघडा पडतो, म्हणून त्या दिवसांत परतीची वेळ भरतीशी जुळवून घ्यावी.

कधी सुकतीलाच उतरावे लागले तर चाकांऐवजी सरकपट्टी करावी. रापणकार (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार) आपल्या जड होड्या ओंडक्यांवरून सरकवत आले आहेत, त्याच युक्तीने ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे मीटरभर लांबीचे चार तुकडे घ्यावेत, चिखलावर दोन फळ्या टाकून त्यांवर ते आडवे मांडावेत, आणि होडी पुढे गेली की मागचा तुकडा उचलून पुढे आणावा. फळ्यांशिवाय पाइपही रुततात. दोन माणसे लागतात. एकट्याने हे करू नये.

प्रश्न : गाडा घरीच केला तर चालेल का? जुन्या सायकलची चाके आहेत.
– एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : चालेल, पण सायकलच्या मोठ्या चाकांमुळे कयाक उंचावर जाते आणि वळणावर कलंडते, हातगाडीची लहान, रुंद हवेची चाके शोधावीत. सांगाडा पीव्हीसीचा करायचा तर सांडपाण्याचा पातळ पाइप न घेता दाबाच्या पाण्यासाठीचा जाड पाइप घ्यावा, आणि चाकांचा भार सांध्यांवर येऊ नये म्हणून आस पाइपच्या आतून एकसंध आरपार घालावा. आटे पाडलेला रॉड आस म्हणून वापरू नये, कारण त्याचे आटे चाकाचा बुश कानशीसारखे घासून टाकतात. कयाक ठेवण्याआधी गाड्यावर पाण्याने भरलेले वीस-वीस लिटरचे दोन कॅन बांधून त्याच वाटेने एक फेरी मारावी आणि परत आल्यावर प्रत्येक सांधा हाताने पिळून पाहावा.