काउंटरवर "आता बरं आहे" असं सांगू नका (आईंच्या कॅरोटिड ब्लॉकेजबद्दल)

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि माझी झोपच उडाली. आईंचं वय ७४, उजव्या डोळ्यासमोर वरून पडदा उतरल्यासारखं झालं, दहा मिनिटांत परत दिसायला लागलं, त्याच दिवशी डाव्या हातातून चमचा सुटला, डॉप्लरमध्ये (नसांच्या सोनोग्राफीत) उजव्या कॅरोटिडला, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसेला, ७० ते ८० टक्के ब्लॉकेज निघालं आणि सर्जनची अपॉइंटमेंट मिळाली पाच आठवड्यांनी. तुम्ही विचारलंय की स्टेंट (नसेत जाळीची नळी बसवणं) बरा का ऑपरेशन (नस उघडून आतला थर काढणं), आणि आता काहीच त्रास नाही तर तोवर थांबलं तर चालेल का. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही चालणार.

मी डॉक्टर नाही, आमच्या घरात जे झालं त्यावरून आणि नंतर जे वाचलं, विचारलं त्यावरून लिहितेय, आईंच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्यांचाच.

माझ्या बाबांचं अगदी हेच झालं होतं, फक्त बाजू उलटी. डावा डोळा, पाचेक मिनिटं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले डोळ्यात काही दोष नाही, हे मानेतून आलेलं दिसतंय, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, डॉप्लर करा, लगेच. दोन दिवसांत डॉप्लर झाली, डावी कॅरोटिड बरीच अरुंद. ती फाइल घेऊन मी अपॉइंटमेंटच्या काउंटरवर गेले. त्यांनी कागदावरून नजरसुद्धा न उचलता विचारलं, "तातडीचं आहे का?" आणि मी म्हणाले, "नाही, आता बरे आहेत." फॉर्मवर "रुटीन"च्या चौकोनात टिक पडली आणि चार आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मी थँक्यू म्हणून घरी आले.

नवव्या दिवशी सकाळी बाबा शर्टाची बटणं लावत होते. तिसऱ्या बटणावर हात थांबला. मला वाटलं काज अडकलंय म्हणून मी पुढे झाले तर उजवी बोटं नुसती कापडावरून घसरत होती आणि "काय होतंय" विचारलं तर तोंडातून शब्दच येईना.

ती टिक मी आयुष्यभर विसरणार नाही. मधल्या नऊ दिवसांत मी त्या ऑफिसला दोनदा फोन केला होता, रिपोर्टमधला आकडा वाचून दाखवला, चिठ्ठीवरचं "लगेच" वाचून दाखवलं, तरी दोन्ही वेळा एकच उत्तर, तारीख दिली आहे, डॉक्टर तेव्हाच बघतील. रिपोर्ट कुणी डॉक्टरला दाखवला तरी का? नाही. ज्याला वैद्यकीय काही कळत नाही त्याच्या हातात पेशंट किती थांबू शकतो हे ठरवायचं काम असतं, याचा मला अजूनही संताप येतो. पण शब्द माझा चुकला होता हेही खरंच.

कारण पडदा येऊन गेला म्हणजे संकट टळलं असं नसतं. मानेतल्या नसेत जमलेल्या थरावरून एखादी बारीक गुठळी सुटून डोळ्याकडे किंवा मेंदूकडे गेली आणि विरघळली, एवढाच त्याचा अर्थ. थर तिथेच आहे, पुढची गुठळी विरघळेलच असं नाही. यालाच टीआयए म्हणतात, आणि त्यानंतर स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन दिवसांत आणि मग पहिल्या दोन आठवड्यांत. म्हणून तर ऑपरेशन करायचं ठरलं तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात. पाच आठवड्यांत तो काळ निघूनच जातो हो.

तेव्हा काउंटरवर किंवा फोनवर "बरं आहे" हा शब्द काढायचाच नाही. असं सांगा: "टीआयए झालाय, अमुक तारखेला, त्याच बाजूची कॅरोटिड ७० टक्क्यांच्या वर आहे, ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोलायचंय." एवढ्यानेही हललं नाही तर फाइल घेऊन सरळ कॅज्युअल्टीत जा. आणि परत हात, चेहरा, बोलणं, दिसणं, काहीही गेलं तर पाच मिनिटंसुद्धा वाट बघायची नाही, अँब्युलन्स.

टक्केवारीचं एक सांगते, नाहीतर आमच्यासारखे गोंधळाल. बाबांचा आकडा एका ठिकाणी ८२ आला, दुसऱ्या ठिकाणी ७०, आम्हाला वाटलं कुणाचं तरी मशीन बिघडलंय. तसं नव्हतं. मोजायच्या दोन पद्धती आहेत, एकीत पुढच्या निरोगी नसेशी तुलना करतात, दुसरीत त्याच जागी नस मुळात किती रुंद असेल त्याच्याशी, आणि एकीतले ७० म्हणजे दुसरीतले साधारण ८२ होतात. आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते विचारा आणि सीटी अँजिओ (नसांचं सीटी स्कॅन) करायची का तेही.

आता स्टेंट का ऑपरेशन. माझं मत ऑपरेशनकडे झुकतं, आईंचं वय बघता जास्तच. २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात स्टेंटवाल्यांना स्ट्रोक जास्त झाले, ऑपरेशनवाल्यांना हार्ट अटॅक जास्त, आणि साधारण सत्तरीपुढे ऑपरेशनचा निकाल सरस होता. पण हृदय फार कमजोर असेल, मानेला आधी रेडिएशन दिलं असेल किंवा ब्लॉकेज फार वर असेल तर गणित बदलतं. नुसत्या गोळ्यांवर राहू म्हणाल तर १९९१ चा नॅसेट अभ्यास बघा, लक्षणं दिसलेल्या आणि ७० टक्क्यांवरच्या पेशंटांमध्ये दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक गोळ्यांवर शंभरात २६ जणांना, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. आताच्या गोळ्या तेव्हापेक्षा चांगल्या आहेत हे मान्य, तरी लक्षणं दिसलेल्या पेशंटला थांबवायला मला ते पुरेसं वाटत नाही. सर्जनना बिनधास्त विचारा, तुमच्या हातून झालेल्या अशा पेशंटांत स्ट्रोक किंवा मृत्यू किती. सहा टक्क्यांच्या आत असायला हवं. राग आला तर येऊ दे.

बाबांचं ऑपरेशन स्ट्रोकनंतर बाराव्या दिवशी झालं, मान बधिर करून, जागेपणी. उजव्या हातात दाबलं की वाजणारं एक रबरी खेळणं दिलं होतं, ऑपरेशनसाठी नस बंद असताना मेंदूला रक्त पोचतंय ना ते कळायला. तोवर हातात तेवढी ताकद परत आली होती. बाबा सांगतात, तासभर ते खेळणं वाजवणं एवढंच माझं काम होतं.

नंतर कानाची पाळी आणि जबडा काही महिने बधिर राहिला, बाबांना दाढी करताना कापलेलं कळायचं नाही, म्हणून ट्रिमर आणला. घरी आल्यावर बीपी रोज मोजा, आणि एका बाजूला भयंकर डोकं दुखायला लागलं तर लगेच कळवा. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि आईंच्या मानेला मालिश कुणी करत असेल तर आजपासून बंद.

बाबा आता बोलतात, हिंडतात, बटणं मात्र मी लावते.

तुमच्याकडे पडदा येऊन सहाच दिवस झालेत, अजून वेळ हातात आहे. आज ऑफिस बंद व्हायच्या आत फोन करा आणि काय म्हणाले ते इथे लिहा, मी संध्याकाळी बघते.