फोन वाजला नाही म्हणजे नदी शांत आहे असं नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतला पहिलाच हिवाळा, नदीपासून दोन गल्ल्यांवर भाड्याचं घर आणि तेही अर्धं जमिनीखाली, दार एकच, सोबत लहान मूल. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीने नदी गोठलेली, दारात गुडघाभर बर्फ. आता शुक्रवारी तापमान एकदम ५० फॅरनहाइटच्या वर, सोबत पाऊस, आणि नॅशनल वेदर सर्व्हिसने, म्हणजे इथल्या हवामान खात्याने, फ्लड वॉच (पुराची शक्यता सांगणारा इशारा) काढलाय. शेजारी म्हणतात, दरवर्षीचंच आहे, काही होत नाही. फोनही एकदासुद्धा वाजलेला नाही. मग हे मनावर घ्यायचं का?

घ्या. आणि जे काही करायचं ते शुक्रवारवर ढकलू नका.

आधी फोनचं सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण तिथेच फसतात. तो जो कर्कश आवाज करून फोन थरथरतो, तो प्रत्येक इशाऱ्याला नसतो. नदीच्या पुराचा फ्लड वॉच तर सोडाच, साधा फ्लड वॉर्निंगसुद्धा त्या यंत्रणेतून येत नाही. येतो तो फ्लॅश फ्लड वॉर्निंग, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा इशारा, आणि २०२० पासून त्यातलेही सगळे नाही. नुकसान मोठं किंवा भयंकर होईल असा शिक्का ज्यांच्यावर असतो तेवढेच. उगाच रात्री-अपरात्री फोन वाजले की लोक अलर्टच बंद करून टाकतात, म्हणून ही चाळणी लावली, आणि ती योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की तुमच्या गल्लीत नदी शिरेपर्यंत फोन गप्प राहू शकतो. तुमच्या काउंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) स्वतःची अलर्ट सेवा असेल तर तिच्यात नाव नोंदवा. बहुतेक ठिकाणी आपण होऊन नोंदणी केल्याशिवाय काही येत नाही. शिवाय बॅटरीवर चालणारा नोआ वेदर रेडिओ घ्या (नोआ म्हणजे हवामान खातं ज्या सरकारी संस्थेत येतं ती). त्यात आपल्या काउंटीचा कोड टाकला की आपल्यापुरते इशारे आले की तो झोपेतून उठवतो, वीज आणि इंटरनेट गेलं तरीही.

वॉच म्हणजे पूर येण्यासारखी परिस्थिती जुळून येतेय. वॉर्निंग म्हणजे पूर आलाय किंवा येणार हे जवळजवळ नक्की. ॲडव्हायझरी म्हणजे पाणी साचेल, त्रास होईल, पण जिवावर बेतेल असं सहसा नाही. एरवी पावसाळी पुरात वॉच आणि वॉर्निंग यांच्यामध्ये हाताशी बऱ्यापैकी वेळ असतो. गोठलेल्या नदीच्या बाबतीत तो वेळ धरून चालू नका. का, ते पुढे येईलच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कामं सगळी वॉचमध्ये उरकायची, वॉर्निंग आला की फक्त निघायचं.

शेजाऱ्यांचंही अगदीच चूक नाही. बहुतेक हिवाळ्यांत बर्फ हळूहळू वितळतो, दिवसा पाझरतो, रात्री पुन्हा गोठतो, नदी जरा फुगते आणि ओसरते. घात होतो तो तीन-चार गोष्टी एकाच वेळी जमल्या की. जमिनीवर पाणी धरून बसलेला भरपूर बर्फ, खाली दगडासारखी गोठलेली जमीन, नदीवर जाड थर, आणि वरून ऊबदार, दमट वारा नि पाऊस. १९९६ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियात नेमकं हेच झालं. ६ ते ८ तारखेला प्रचंड हिमवादळ, आणि दोन आठवडे होत नाहीत तोच उकाडा आणि जोरदार पाऊस. सस्क्वेहाना नदीतल्या बर्फाच्या लाद्यांनी २० तारखेला हॅरिसबर्गमधल्या वॉलनट स्ट्रीटच्या जुन्या लोखंडी पुलाचे गाळे उचलून वाहून नेले.

लोकांना वाटतं पाऊस बर्फ वितळवतो. फारसा नाही. ५० फॅरनहाइटचा, म्हणजे १० सेल्सियसचा इंचभर पाऊस स्वतःच्या उष्णतेने जेमतेम एक अष्टमांश इंच पाण्याइतका बर्फ वितळवतो. खरं काम करते ती हवेतली वाफ. थंडगार बर्फावर वाफेचं पाणी झालं की जी उष्णता बाहेर पडते, तिच्यात एक ग्रॅम वाफेमागे साधारण साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणून अंदाज बघताना तापमानापेक्षा ड्यू पॉइंट बघा, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. तो ३२ फॅरनहाइटच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या वर, समजा चाळिशीच्या घरात, आणि सोबत जोराचा वारा असेल तर बर्फ डोळ्यांदेखत खाली बसतो. रात्रीही तापमान गोठणबिंदूच्या खाली उतरणार नसेल, तर एरवी मिळते ती रात्रीची उसंतही मिळत नाही. तुम्ही जो अंदाज दिलात त्यात शुक्रवारची रात्र ४५ च्या आसपास आहे. मला त्या दुपारच्या ५० पेक्षा हा आकडा जास्त खटकतो.

बर्फात पाणी किती आहे हे त्याच्या उंचीवरून कळत नाही. ताज्या भुसभुशीत १० इंचांत साधारण एक इंच पाणी, तर दबून दाणेदार झालेल्या जुन्या बर्फाच्या तेवढ्याच थरात तीन इंचही निघतं. तुमचा गुडघाभर थर दुसऱ्या जातीचा वाटतो.

आता मुख्य धोका: आइस जॅम, म्हणजे नदीत बर्फाचा तुंबा. नदीची पातळी वाढायला लागली की वरचा बर्फाचा थर काठापासून सुटतो, तडकतो आणि त्याच्या लाद्या प्रवाहाबरोबर निघतात. वळण, पुलाचे खांब, बेट, उथळ जागा किंवा पुढे अजून न तुटलेला थर आला की त्या तिथे अडकतात, एकमेकींवर चढतात आणि बघता बघता नदीत धरण उभं राहतं. त्याच्या वरच्या अंगाला पाणी चढतं, खालच्या अंगाला उतरतं. मग कधीतरी ते धरण फुटतं आणि अडलेलं सगळं पाणी लाद्यांसकट एकदम खाली येतं. व्हरमाँटच्या माँटपेलियर गावात ११ मार्च १९९२ च्या सकाळी विनुस्की नदीत असा जॅम बसला आणि तासाभरात बाजारपेठ पाण्यात गेली. हवामान खात्याची मॉडेल्स नदीत किती पाणी येईल ते सांगतात. लाद्या कुठल्या पुलाला अडकतील ते सांगत नाहीत. वॉच आणि वॉर्निंगमधला वेळ खातो तो हाच प्रकार.

त्यामुळे गेज, म्हणजे नदीची पातळी मोजणारं यंत्र, स्वतः वाचायला शिका, अवघड नाही. नोआच्या नॅशनल वॉटर प्रेडिक्शन सर्व्हिसच्या नकाशावर तुमच्या नदीवरचं सगळ्यात जवळचं गेज शोधा, आणि त्याच्या वरच्या अंगाचं एक आणि खालच्या अंगाचं एकही नोंदवून ठेवा. तिथे फुटांत दिसतो तो आकडा नदीची खोली नव्हे. एका ठरावीक शून्यापासून मोजलेली पातळी आहे. म्हणून १४ फूट जास्त की कमी हे नुसत्या आकड्यावरून समजत नाही. ॲक्शन, मायनर, मॉडरेट, मेजर अशा रेषा आखलेल्या असतात त्यांच्याशी तुलना करायची. त्याच पानावर फ्लड इम्पॅक्ट्स अशी यादी असते: इतक्या फुटांना अमुक रस्त्यावर पाणी, तितक्या फुटांना तमुक बागेत. तुमच्या गल्लीच्या जवळचं नाव कुठल्या आकड्यासमोर आहे ते शोधा आणि त्याच्या दोन-तीन फूट खालचा आकडा आपला निघायचा म्हणून पक्का करा. अंदाजाला चिकटून बसू नका. १९९७ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स शहरात रेड नदीचा अंदाज ४९ फुटांचा होता, पाणी ५४ फुटांच्या वर गेलं आणि जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं.

साधारण पुरात गेजची रेघ चढाच्या रस्त्यासारखी हळूहळू वर जाते. जॅम बसला की ती भिंतीसारखी उभी राहते: पाऊस थांबलेला असतो, आणि तरी पाऊण तासात चार-पाच फूट वाढ. त्याच वेळी खालचं गेज मात्र घसरत असतं. ते बघून हायसं वाटून घेऊ नका. जॅम या दोन गेजांच्या मध्ये बसलाय एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही जॅमच्या खाली असाल तर ती घसरण सगळ्यात वाईट बातमी आहे, कारण ते पाणी कधीतरी सुटणार आहे. एक लक्षात असू द्या, बर्फामुळे गेजच कधी कधी चुकीचं वाचतं किंवा बंद पडतं. रेघ अचानक सपाट झाली किंवा गायब झाली तर पाणी थांबलं असं समजायचं नाही.

घराचं. अर्ध्या जमिनीखालच्या घराला नदी दारापर्यंत यावीच लागते असं नाही. पाणी जमिनीतून येतं, नाहीतर फरशीतल्या ड्रेनमधून गटार उलटं येतं. घरमालकाला आजच विचारा, संप पंप (तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) आहे का, त्याला बॅटरीचा बॅकअप आहे का, सांडपाण्याच्या लाइनला बॅकवॉटर व्हॉल्व्ह (गटार उलटं येऊ न देणारी झडप) आहे का. पंप असेल तर त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) वर आला आणि मोटर सुरू झाली, की बाहेर जाऊन पाइपच्या तोंडातून पाणी पडतंय का ते बघा. हिवाळ्यात हीच गोची असते: पंप ठणठणीत, पण बाहेरचं तोंड बर्फात गाडलेलं किंवा आतून गोठलेलं. मग मोटर घरघरते आणि पाणी तिथल्या तिथे फिरतं. ते तोंड मोकळं करा. गल्लीतल्या गटाराच्या जाळीवर बर्फ हटवणाऱ्या गाडीने ढकललेला बर्फ असेल तर तोही फावड्याने बाजूला करा. शेजाऱ्याला सोबत घ्या, तेवढाच त्याचाही विश्वास बसेल.

पासपोर्ट, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याचा कागद), लेकराची औषधं, लॅपटॉप एका बॅगेत भरून दाराशी ठेवा. बाकी सामान जमेल तितकं उंचावर. गाडी आदल्या दिवशीच चढावरच्या गल्लीत लावा. आणि खरं सांगायचं तर लहान मूल घरात असताना मी शुक्रवारी रात्री त्या घरात झोपणारच नाही. कुणा ओळखीच्यांकडे वरच्या मजल्यावर पथारी टाका. दारावर बाहेरून पाण्याचा दाब आला की ते उघडत नाही, आणि तुमच्या घराला दार एकच आहे. पाणी सॉकेटपर्यंत चढलेलं दिसलं तर मेन स्विच बंद करायला म्हणून आत उतरू नका, वीज कंपनीला कळवा.

विमा: तुमच्या रेंटर्स पॉलिसीत (भाडेकरूच्या विम्यात) पुराचं नुकसान धरलेलं नसतं, आणि गटार उलटं आल्याचंही वेगळं कलम घेतल्याशिवाय नाही. राष्ट्रीय पूरविमा योजनेतून भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, जास्तीत जास्त १ लाख डॉलरपर्यंत. पण तो लागू व्हायला सहसा ३० दिवस जावे लागतात. या शुक्रवारी उपयोग शून्य. तरीही विचार करा, कारण मार्च-एप्रिलचा वितळा अजून पुढेच आहे. आज प्रत्येक खोलीचे फोटो मात्र काढून ठेवा.

गाडीबद्दल फार लिहीत नाही, नियम जुनाच. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. इथे पुरात बुडणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त गाडी पाण्यात घालणारेच असतात. त्यात या पाण्याखाली रस्ता खचलेला असतो आणि वर लाद्या. पुलावर उभं राहून लाद्यांचे व्हिडिओ काढायचा मोह होईल, टाळा.

शेवटचं, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शनिवारी संध्याकाळी थंड हवा परत येतेय. ओलं सगळं काही तासांत गोठेल, रस्त्यावर न दिसणारा बर्फ तयार होईल आणि नदीतला जॅम आहे तिथेच घट्ट होऊन बसेल. फ्लड वॉर्निंग उठला तरी असा जॅम पुढच्या उकाड्यापर्यंत तसाच असतो, तेव्हा त्यानंतरही गेजवर लक्ष ठेवा. घरात पाणी शिरून हीटिंग बंद पडलं असेल तर पाइप फुटण्याआधी मालकाकडून मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ मोकळे करून घ्या. जनरेटर लावायची वेळ आली तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब. बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही. आणि यानंतर जो एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग (कडाक्याच्या थंडीचा इशारा) येईल तो काही नवीन प्रकार नाही, पूर्वीचा विंड चिल वॉर्निंगच आहे; २०२४ च्या ऑक्टोबरपासून नाव बदललंय.

तुमच्या नदीचं आणि जवळच्या पुलाचं नाव कळवलंत तर वरच्या अंगाचं कुठलं गेज बघायचं ते आज रात्रीच सांगतो.