अंडपेशी मऊ आहे की कडक, हे कसं मोजतात? मोजताना ती फुटत नाही का?

मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. अंडपेशी फुटते कधीकधी, पण ती इक्सीत, म्हणजे एकच शुक्राणू सुईने अंडपेशीत सोडायच्या पद्धतीत, सुई आत घालतो तेव्हा. नुसतं मोजायला टोचावं लागतंच असं नाही.

शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढताना मलई तोंडाशी अडकते आणि थोडीशी आत खेचली जाते ना, तसंच. माणसाची अंडपेशी जेमतेम ०.१२ मिमीची. तिच्याहून अरुंद तोंडाची काचेची नळी तिला टेकवायची, अगदी हलका, ठरावीक दाबाने ओढ द्यायची आणि फुगवटा नळीत किती आत आला ते कॅमेऱ्यात टिपायचं. पहिल्या झटक्यात किती आला त्यावरून लवचिकपणा कळतो. नंतर तो सावकाश सरकत राहतो, त्यावरून आतला माल पाण्यासारखा की मधासारखा ते. मिचिसन आणि स्वान यांनी १९५४ साली सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर हेच केलं होतं.

मोजलं कधी, हेही विचारायचं बरं का. अंडपेशीभोवती झोना नावाचं जाड कवच असतं. एक शुक्राणू आत शिरला की पेशी आतून काही द्रव्यं सोडते आणि झोना कडक होतो, म्हणजे दुसऱ्याला वाट बंद. त्यामुळे फलनाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एका पारड्यात घालून चालत नाही.

स्टॅनफर्डच्या गटाने २०१६ मध्ये फलनानंतर काही तासांत अशी मापं घेतली. फार मऊ आणि फार कडक, दोन्ही मागे पडल्या. ज्या चांगल्या म्हटल्या, त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या गर्भापर्यंत, पोचल्या. पण ब्लास्टोसिस्ट म्हणजे बाळ नव्हे. या मापासाठी कुणी जादा पैसे मागितले, तर मी तरी देणार नाही.

आमचं मोजमाप अजून हातालाच कळतं. इक्सीत नऊच्या काट्याकडून पेशी धरून ठेवतो, तीनच्या काट्याकडून सुई येते. चांगल्या पेशीचा पडदा सुईबरोबर नरसाळ्यासारखा आत जातो, जातच राहतो, किंचित ओढल्यावर मग सुटतो. काहींचा मात्र सुई टेकताक्षणी फाटतो. त्यांच्यापुढे मी शीटवर फुली मारून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी डिश उघडल्यावर काळवंडलेल्या दिसतात त्या बहुतेक त्यांतल्याच.