पीएसए तपासणीच्या आधी काय टाळावं?

पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन, ते रक्तात किती आहे हे या तपासणीत बघतात. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. सोबत फास्टिंग शुगर असेल तरच किमान ८ तास पोट रिकामं ठेवा, पाणी चालतं. खरी गडबड वेगळ्याच गोष्टींनी होते. आदल्या ४८ तासांत वीर्यस्खलन किंवा दमछाक करणारं सायकलिंग झालं असेल तर आकडा वर सरकू शकतो. लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल तर बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. प्रोस्टेट किंवा केसगळतीसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच (नेमकं हेच राहून जातं). सहाएक महिन्यांत ही गोळी पीएसए साधारण निम्म्यावर आणते, म्हणजे रिपोर्टातला २.५ हा ५ च्या आसपास धरावा लागतो. एकदा जास्त आला म्हणून लगेच बायोप्सी नको. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये.