पाणी मोजून टाक!

हाँगकाँगच्या सिनेमात वसुलीला आलेला गुंड समोरच्याकडे 'पाणी' का मागतो, असा एका वाचकाचा प्रश्न आहे.

तो पैसेच मागतोय. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत 'सोय' म्हणजे पाणी, आणि बोलीत पैसाही. (उच्चार आपल्या 'सोय'च्या जवळ जातो. 'पैशाची सोय' आठवली तरी तो निव्वळ योगायोग.) 'पाँग सोय' म्हणजे शब्दशः पाणी वजन कर, अर्थ, मुकाट्याने पैसे टाक. शंभर डॉलर म्हणजे 'पाण्याचा एक गोळा'. खिशात खडखडाट झाला की 'कॉन थाँग', तळं आटलं. मग उसनवारीसाठी धावाधाव सुरू होते, ती 'फॉक सोय', म्हणजे पाण्यावर झडप. आपणही शिलकीला गंगाजळी म्हणतोच, तेव्हा फार नवल करू नये.

कमाई थांबली आणि साठवलेल्यावर दिवस काढायची वेळ आली, तर 'सिक कुक चुंग', बियाण्याचं भात खाणं. शेतकऱ्याच्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

बाजारात बुडालेल्यांची भाषा मात्र थेट स्वयंपाकघरातली. 'छाउ' म्हणजे कढईत परतणं आणि सट्टा खेळणंही. सौदा अंगाशी आला की 'छाउ नुंग', करपलं! माझा सगळ्यात आवडता शब्द 'ताय चाप हाय'. हा शरदात मिळणारा केसाळ खेकडा. विकतात तो जिवंतच, पण नांग्या-पाय दोरीने करकचून आवळून. चढ्या भावाने शेअर घेऊन अडकलेला माणूस म्हणजे हा खेकडा: जीव आहे, हलायची सोय नाही. हाँगकाँगच्या शेअर बाजाराचा हँग सेंग निर्देशांक मार्च १९७३मध्ये १,७७४वर होता आणि डिसेंबर १९७४मध्ये दीडशेच्या घरात आला. असे खेकडे तेव्हा घरोघरी असणार.

नोकरीवरून काढलं तर 'छाउ याउ यू', म्हणजे माकूल (स्क्विड) परतणं. तापलेल्या कढईत माकुलाचा तुकडा वळकटीसारखा गुंडाळला जातो. काढून टाकलेला नोकरही आपलं अंथरूण वळून निघतो, असा याचा उलगडा सांगतात. मराठी सबटायटल लिहिणाऱ्याने इथे डोकं खाजवत बसू नये. 'गाशा गुंडाळला' असं लिहून मोकळं व्हावं.